शंभर वर्षांची फेरी : मुंबईच्या बेस्ट बससेवेचा इतिहास

१५ जुलै १९२६ रोजी कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली मोटारबस धावली. त्या दिवसाला यंदा शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. सेवा सुरू करणारी कंपनी, पुढे ती ताब्यात घेणारी महानगरपालिका, पिढ्यान्‌पिढ्या राबलेले चालक, वाहक, स्टार्टर, तिकीट तपासनीस, फिटर, वेल्डर आणि रोज थांब्यावर उभे राहणारे प्रवासी, अशा सर्वांचा मिळून हा इतिहास आहे. या स्मरणिकेत तो दशकांच्या क्रमाने मांडला आहे.

मुंबईचा नकाशा समोर ठेवला की बससेवेचे महत्त्व चटकन लक्षात येते. पश्चिम, मध्य आणि हार्बर हे उपनगरी रेल्वेचे तिन्ही मार्ग प्रामुख्याने उत्तर-दक्षिण धावतात. त्यांनी शहराला लांबी दिली. पण अंधेरीहून घाटकोपरला, कुर्ल्याहून वांद्र्याला, शीवहून माहीमला जाणाऱ्याला रेल्वेची थेट वाट नव्हती. मलबार हिलचा चढ, माझगावची गोदी, अँटॉप हिलच्या वसाहती, स्टेशनापासून दूर वसलेल्या चाळी आणि कारखाने यांच्यापर्यंत रूळ पोहोचतच नव्हते. ही आडवी वीण बसने घातली. शहर जिकडे वाढले तिकडे बस गेली, आणि बस जिथे वेळेवर पोहोचली तिथे वस्तीने मूळ धरले. बेस्टच्या शंभर वर्षांकडे या नजरेने पाहायला हवे.

पूर्वपीठिका : १८७४ ते १९२५

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. मात्र स्टेशनात उतरलेल्या सामान्य माणसाला पुढे शहरात नेणारे स्वस्त साधन यायला आणखी दोन दशके जावी लागली. १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढलेली ट्राम रस्त्यावर आली. कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून, असे तिचे पहिले दोन मार्ग होते. भाडे तीन आणे होते आणि तिकीट देण्याची पद्धत तेव्हा नव्हती. घोडागाडीची ऐपत नसलेल्या मुंबईकराला ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या दराने प्रवास करता येऊ लागला. मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा पाया इथे घातला गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी वीज आली आणि चित्र पालटले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी झालेल्या करारानुसार वीजपुरवठा आणि ट्राम या दोन्ही सेवांचा परवाना एकत्र दिला गेला. तो बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला मिळाला. वीज आणि वाहतूक एकाच छत्राखाली आणणारी ही रचना संस्थेच्या पुढच्या शतकभराच्या वाटचालीत निर्णायक ठरली. ७ मे १९०७ रोजी पालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची ट्राम धावली. हळूहळू घोड्यांना निवृत्ती मिळाली आणि १९२० साली दुमजली ट्रामही आली.

याच काळात शहराची घडण बदलत होती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्यांतून हवा खेळती ठेवणारे रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वसाहती उभ्या केल्या. कोंदट गल्ल्या सोडून उत्तरेकडे राहायला गेलेल्या कुटुंबांची कामे मात्र दक्षिणेतच होती. त्यांची रोजची ये-जा ट्रामने आणि रेल्वेने सांभाळली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी धावली. त्यानंतर दीड वर्षाच्या आत मुंबईत मोटारबसही आली.

१९२६ ते १९३६ : पहिली बस

मोटारबसचा विचार कंपनीत १९१३ सालीच पुढे आला होता. पहिल्या महायुद्धामुळे तो मागे पडला. ट्रामला रूळ लागतात, डोक्यावर विजेची तार लागते आणि दोन्हींसाठी रस्ता खोदावा लागतो. बसला यातले काहीच लागत नाही. नवा रस्ता तयार झाला की दुसऱ्या दिवशी त्यावर बस नेता येते. वाढत्या शहरासाठी हा गुण मोलाचा होता. जुलै १९२६ मध्ये सेवा सुरू झाली आणि १९२७ च्या अखेरीस कंपनीकडे ४९ बसगाड्या झाल्या.

लोकांनी बसचे उत्साहाने स्वागत केले, तरी तिला सर्वसामान्यांची व्हायला वेळ लागला. म्युझियमपासून दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडे, त्याच अंतराला बसला चार आणे. म्हणून सुरुवातीची बरीच वर्षे बस ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची सवारी मानली जाई, तर गिरणी कामगार, हमाल आणि कारकून ट्रामच पकडत. सरकार आणि पालिका या दोघांनीही आग्रह धरल्यावर १९३४ साली बससेवा शहराच्या उत्तर भागापर्यंत वाढली. नव्या वसाहतींना दक्षिणेशी जोडणारा दुवा म्हणून बसकडे पाहायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

१९३७ ते १९४६ : दुमजली बस आणि युद्धाची झळ

१९३७ साली मुंबईत दुमजली बस आली. वाढती गर्दी तेवढ्याच रस्त्यात सामावून घ्यायची तर गाडीची उंची वाढवणे हा सोपा उपाय होता. तिच्यावर वरच्या आणि खालच्या मजल्यासाठी दोन वाहक असत. दोरी ओढून वाजवलेली एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे निघा, हा संकेत मुंबईच्या पोरासोरांनाही पाठ झाला. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळवण्यासाठी झालेल्या धावपळी आज आजी-आजोबा झालेल्या कित्येकांच्या आठवणीत आहेत.

१९४० साली कुलाबा ते माहीम अशी पहिली ‘लिमिटेड’ बस सुरू झाली. मोजक्याच थांब्यांवर थांबून लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचवण्याची ही कल्पना पुढे मुंबईच्या बससेवेची ओळख बनली. त्यानंतरची वर्षे दुसऱ्या महायुद्धाच्या सावटात गेली. इंधन आणि सुटे भाग यांची चणचण होती आणि रात्री दिवे झाकून गाडी हाकावी लागे. जुन्याच गाड्या दुरुस्त करून रस्त्यावर ठेवण्याचे काम कार्यशाळेतल्या कामगारांनी निभावले. त्यांची नावे कुठल्या फलकावर कोरलेली नाहीत. त्या पिढीचे ऋण या शताब्दीनिमित्त मान्य करणे हे आपले कर्तव्य आहे.

१९४७ ते १९५९ : शहराची स्वतःची सेवा

१९०५ च्या करारावर सह्या झाल्या त्या दिवसापासून बरोबर ४२ वर्षांनी, म्हणजे ७ ऑगस्ट १९४७ रोजी, ही कंपनी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची झाली. स्वातंत्र्य अवघ्या आठ दिवसांवर होते. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट, अर्थात ‘बेस्ट’ उपक्रम, या नावाने नवे पर्व सुरू झाले. हस्तांतराच्या वेळी २३ मार्गांवर २४२ बसगाड्या धावत होत्या आणि रोज २ लाख ३८ हजार प्रवासी त्यांतून जात होते. आजही ७ ऑगस्ट हा ‘बेस्ट दिन’ म्हणून साजरा होतो.

या बदलाने सेवेचा हेतूच बदलला. भागधारकांच्या नफ्याची जागा नागरिकांच्या सोयीने घेतली. कोणत्या वस्तीला बस हवी, भाडे किती असावे, नवे आगार कुठे व्हावे, हे प्रश्न लोकप्रतिनिधींच्या बेस्ट समितीत चर्चेला येऊ लागले. वीजपुरवठ्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा आधार बससेवेला राहिला. त्यामुळे तोट्यातले, पण लोकांना हवे असलेले मार्गही चालू ठेवता आले.

फाळणीनंतर आलेली निर्वासित कुटुंबे आणि कोकणातून, देशावरून, देशाच्या सर्व भागांतून रोजगारासाठी येणारी माणसे यांनी शहर भरत होते. १९५० साली शहराची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. बृहन्मुंबई आकाराला आली, तशी बेस्टच्या कामाची व्याप्तीही कित्येक पटींनी वाढली. बेटावरच्या आखीव रस्त्यांसाठी बसलेली घडी आता खाड्या, शेते, टेकड्या आणि गावठाणे ओलांडून न्यायची होती. उपनगरांतल्या अरुंद रस्त्यांवरून, पावसाळ्यातल्या चिखलातून पहिल्या गाड्या नेणाऱ्या चालकांचा या वाढीत फार मोठा वाटा आहे.

याच सुमाराचा एक वाहक पुढे साऱ्या देशाला ठाऊक झाला. बद्रुद्दीन काझी नावाचा हा तरुण बेस्टच्या बसमध्ये तिकिटे देताना आपल्या नकलांनी प्रवाशांना हसवत असे. बलराज साहनी यांच्या नजरेत तो भरला आणि ‘जॉनी वॉकर’ या नावाने हिंदी चित्रपटसृष्टीत त्याने अढळ स्थान मिळवले.

१९६० ते १९६९ : ट्रामचा निरोप

१ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रक्त सांडलेल्या फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौक हे नाव मिळाले आणि बसच्या पाटीवरून ते नाव रोज शहरभर फिरू लागले. राणी लक्ष्मीबाई चौक, आगरकर चौक, पंडित पलुस्कर चौक, अहिल्याबाई होळकर चौक ही नावे मुंबईकरांच्या ओठी रुळली त्यात बेस्टच्या पाट्यांचा मोठा वाटा आहे. बसच्या दर्शनी भागावर मराठीत गंतव्यस्थान आणि मराठी अंकांत मार्ग क्रमांक, ही बेस्टची ठसठशीत ओळख झाली. बाहेरगावाहून आलेली, मराठी न वाचणारी माणसेही देवनागरी अंक शिकली ती या पाट्यांवरून.

११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. तिला वरून वीज मिळे, पण रुळांची गरज नसे. ट्राम आणि बस यांच्यामधला हा प्रयोग २४ मार्च १९७१ पर्यंत चालला.

तोवर ट्रामचे दिवस भरत आले होते. मोटारींची संख्या वाढली होती, रस्त्याच्या मधोमध धावणारे रूळ वाहतुकीला अडचण ठरत होते आणि जुन्या गाड्यांची देखभाल महाग झाली होती. टप्प्याटप्प्याने मार्ग बंद होत गेले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली, तेव्हा ती माणसांनी खचाखच भरली होती आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक निरोपाला उभे होते. ९० वर्षांची सेवा त्या रात्री थांबली. ‘दादर टीटी’ या नावातला ट्राम टर्मिनस आजही लोकांच्या बोलण्यात जिवंत आहे.

ट्राम गेली तरी तिच्या प्रवाशांची सोय लावायची होती. दुसऱ्या दिवसापासून हा सगळा भार बसवर आला आणि बेस्टने तो पेलला. १९६७ साली जास्त प्रवासी नेणारी जोडबस आली. मार्गांच्या क्रमांकांनाही पुढे शिस्त लागली. दोनशेच्या आतले क्रमांक शहराचे, दोनशेच्या मालिकेतले पश्चिम उपनगरांचे, तीनशेचे पूर्व उपनगरांचे आणि चारशेचे पूर्व-पश्चिम जोडणारे. क्रमांक पाहून बस साधारण कुठे जाणार हे कळावे, इतकी ही पद्धत सुटसुटीत आहे. चारशेची संपूर्ण मालिका पूर्व-पश्चिम प्रवासाला वाहिलेली असणे, यातच शहराची गरज बेस्टने किती नेमकी ओळखली होती ते दिसते.

१९७० ते १९७९ : खाडीपलीकडे

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून एक विचार मांडला होता. मुंबईची वाढ उत्तरेकडेच रेटत न नेता बंदरापलीकडे नवे शहर वसवावे, असा तो विचार. हे नवे शहर उभारण्यासाठी १९७० साली सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला झाला. पुढे बेस्टच्या पाचशेच्या मालिकेतल्या बसगाड्या हा पूल ओलांडून नव्या मुंबईत जाऊ लागल्या. वाशीला रेल्वे पोहोचायला १९९२ साल उजाडले. तोपर्यंतच्या काळात नव्या शहरात घर घेण्याचे धाडस करणाऱ्या कुटुंबांना पुलावरून जाणाऱ्या बसचाच भरवसा होता.

इकडे अंधेरीला सीप्झ, विक्रोळीला कन्नमवार नगर, कुर्ल्याला नेहरूनगर अशी रोजगाराची आणि वस्तीची नवी केंद्रे उभी राहत होती. स्टेशन ते वसाहत, स्टेशन ते कारखाना अशा छोट्या फेऱ्यांची मागणी वाढली. लोकलच्या वेळेशी बसची वेळ जुळवणे हे वेळापत्रक विभागाचे रोजचे कसब झाले. एखाद्या मार्गावर सकाळी किती गाड्या सोडायच्या, त्यातल्या किती अर्ध्या वाटेवरून वळवायच्या, चालक-वाहकाला विश्रांती कुठे द्यायची, याचे गणित संगणक येण्यापूर्वी माणसे कागद-पेन्सिलीने मांडत होती.

१९८० ते १९८९ : गिरणगाव बदलते

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन ढवळून निघाले. लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागांतली बसची गर्दी गिरण्यांच्या पाळ्यांवर बेतलेली होती. भोंगे थंडावले, तशी शहराच्या प्रवासाची लय बदलली. मध्य मुंबईतली कुटुंबे डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडे सरकली, आणि नोकऱ्या नरीमन पॉइंटसोबत वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाऊ लागल्या. पुढे वांद्रे ते कुर्ला या दोन स्टेशनांमधली ३१० क्रमांकाची बस या संकुलात नोकरी करणाऱ्यांचा मुख्य आधार झाली. घाटकोपर ते अंधेरी ही ३४० क्रमांकाची बस तर मेट्रो येईपर्यंत पूर्व-पश्चिम उपनगरांची जीवनरेखा होती.

रोजच्या फेऱ्यांइतकेच या संस्थेचे मोठे काम म्हणजे सणावारांच्या आणि यात्रांच्या जादा गाड्या. गणपती पाहून रात्री परतणारी माणसे, नवरात्रात महालक्ष्मीला जाणारे भाविक, सप्टेंबरातली माउंट मेरीची जत्रा, महाशिवरात्रीला बोरिवलीहून कान्हेरी लेण्यांकडे निघणारी रीघ, आणि ६ डिसेंबरला महामानव बाबासाहेबांना वंदन करायला चैत्यभूमीवर येणारा जनसागर. या सर्वांसाठी बेस्टचे कर्मचारी आपली सुटी बाजूला ठेवून कामावर येत आले. सारे शहर सण साजरा करत असते तेव्हा आगारे सर्वांत गजबजलेली असतात.

१९९० ते १९९९ : दुमजली बसचे वैभव

नव्वदच्या दशकात बेस्टच्या ताफ्यात नऊशेच्या आसपास दुमजली बसगाड्या होत्या. कुलाब्याहून मरीन ड्राइव्हमार्गे ताडदेवला जाणारी १२३ क्रमांकाची बस पाहुण्यांना मुंबई दाखवायची हक्काची जागा होती. समुद्राच्या बाजूची वरच्या मजल्यावरची खिडकी मिळाली की मुंबईदर्शनाचा वेगळा खर्च करण्याची गरज उरत नसे.

याच दशकाने शहराला मोठ्या जखमाही दिल्या. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत बसमधले प्रवासीही सापडले. त्यानंतर दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या मुंबईकराला थांब्यावर लाल बस दिसली, हे धैर्य बेस्टच्या कर्मचाऱ्यांचे होते. १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले आणि संस्थाही ‘बृहन्मुंबई इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट’ झाली. ‘बेस्ट’ हे लाडके लघुरूप मात्र जसेच्या तसे टिकले. दशकाच्या अखेरीस, १९९८ साली, वातानुकूलित बस सुरू झाली.

२००० ते २००९ : संकटातील सोबत

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रेल्वे थांबली, रस्ते बुडाले. हजारो मुंबईकर वाटेत अडकले आणि त्यातल्या अनेकांनी ती रात्र पाण्यात उभ्या असलेल्या बसमध्ये काढली. चालक-वाहक गाडी सोडून गेले नाहीत. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ रोजी, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत साखळी स्फोट झाले. त्या संध्याकाळी अडकलेल्या प्रवाशांना घरी पोहोचवण्यासाठी बेस्टने जादा गाड्या सोडल्या.

प्रदूषणाच्या प्रश्नावर शहरात चर्चा वाढली तसा ताफ्यातल्या सीएनजी बसगाड्यांचा वाटाही वाढत गेला. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून नव्या गाड्या मिळाल्या. २०१० च्या सुमारास ताफा साडेचार हजारांच्या पुढे गेला आणि रोजची प्रवासीसंख्या ४० लाखांच्या वर होती. विस्ताराचा हा सर्वोच्च बिंदू म्हणता येईल.

२०१० ते २०१९ : कसोटीची वर्षे

या दशकाने संस्थेची कसोटी पाहिली. वीजदरांच्या नव्या नियामक व्यवस्थेमुळे वीजविभागाच्या उत्पन्नाचा बससेवेला मिळणारा आधार कमी झाला. खासगी मोटारी आणि दुचाकी वाढल्या, रस्ते तुंबले आणि बसचा वेग मंदावला. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. ज्या वाटेवर दशकानुदशके बस भरभरून धावत होत्या, तिथे रूळ आले. इतकी मोठी गर्दी या वाटेवर आहे हे आधी बसने सिद्ध केले होते, याची नोंद इथे आवर्जून करायला हवी.

वेतन, ताफा आणि कामाच्या पद्धती या विषयांवर या काळात विविध मते पुढे आली. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांनी नऊ दिवस संप केला, तो उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मिटला आणि सेवा पुन्हा सुरू झाली. २०१७ च्या नोव्हेंबरात विजेवरच्या पहिल्या बसगाड्या दाखल झाल्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणण्यात आले आणि वातानुकूलित बसचे किमान भाडे सहा रुपये झाले. घामाघूम होऊन लोकलमधून उतरलेल्या मजुराला आणि घरकाम करणाऱ्या बाईला सहा रुपयांत थंड बस मिळू लागली. थांब्यांवरच्या रांगा पुन्हा लांबल्या. भाडे परवडणारे असेल तर लोक बसकडे येतात, हे त्यातून ठळकपणे दिसले. याच टप्प्यावर भाडेतत्त्वावरच्या गाड्या ताफ्यात येऊ लागल्या.

२०२० ते २०२६ : आजची वाटचाल

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे लोकल बंद झाली आणि शहर घरात बसले. तेव्हा परिचारिका, डॉक्टर, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर पोहोचवण्याचे काम बेस्टने केले. पुढे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून एसटीच्या गाड्या आणि कर्मचारीही मदतीला आले. या काळात बेस्टच्या अनेक कर्मचाऱ्यांनी कर्तव्यावर असताना प्राण गमावले. शताब्दीच्या या आनंदात त्यांना आम्ही नतमस्तक होऊन वंदन करतो.

२०२२ साली मोबाइल आणि कार्डवर चढता-उतरता नोंद होणारी ‘टॅप इन टॅप आउट’ सुविधा सुरू झाली आणि त्याच वर्षी बेस्टच्या बसचे चाक प्रथमच महिला चालकाच्या हाती आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर धावणारी वातानुकूलित दुमजली बस सेवेत आली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या आगरकर चौक ते सीप्झ या मार्गावर डिझेलवरच्या जुन्या दुमजली बसची अखेरची फेरी झाली. १९०७ साली विजेच्या ट्रामने या संस्थेला नवे रूप दिले होते. शतकानंतर ताफा पुन्हा विजेकडे वळला आहे.

२०२४ मध्ये अटल सेतू आणि किनारी रस्ता या दोन्ही नव्या मार्गांवर बेस्टच्या बसगाड्या गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण लांबीने सुरू झाली. मेट्रोचे जाळे जसजसे पसरेल तसतशी स्टेशनापासून घरापर्यंत नेणाऱ्या बसची गरज वाढणार आहे. मे २०२५ पासून किमान भाडे साध्या बससाठी १० आणि वातानुकूलितसाठी १२ रुपये आहे. स्वमालकीच्या गाड्या घटल्या आहेत आणि भाडेतत्त्वावरच्या वाढल्या आहेत. कुलाब्यापासून गोराई-मुलुंडपर्यंत २७ आगारांचे जाळे मात्र उभे आहे. आणिक आगारातले बेस्टचे संग्रहालय जुनी तिकिटे, यंत्रे आणि गाड्यांच्या प्रतिकृतींतून हा सारा प्रवास नव्या पिढीला दाखवत आहे.

ऋणनिर्देश आणि संकल्प

शंभर वर्षांत वाहने बदलत गेली. या सर्व काळात टिकून राहिली ती माणसांची शिस्त. उजाडण्यापूर्वी आगारात हजर होऊन गाडी तपासणारा चालक, सुट्ट्या पैशांची पेटी आणि तिकिटांचा डबा सांभाळत गर्दीतून वाट काढणारा वाहक, चौकीत बसून प्रत्येक फेरीची वेळ लिहिणारा स्टार्टर, रात्रपाळीत इंजिनाखाली झोपून नटबोल्ट आवळणारा फिटर. ही सेवा त्यांनी घडवली. कुठल्याही एका नावाला तिचे श्रेय देता येणार नाही.

एक बस रस्त्यावर दोन-तीन मोटारींएवढी जागा घेते आणि पन्नास-साठ माणसांना नेते. जागेची इतकी टंचाई असलेल्या शहरात याहून शहाणपणाचे साधन नाही. म्हणून पुरेशा गाड्या, बससाठी राखीव मार्गिका, सावली देणारे थांबे आणि आगारांच्या जमिनींचे जतन या चार गोष्टी शतकोत्तर वाटचालीत अग्रक्रमाने व्हायला हव्यात. शाळा आणि दवाखाने आपण ज्या भावनेने चालवतो, त्याच भावनेने बससेवेवर खर्च व्हावा. १९४७ साली या शहराने ही सेवा आपल्या मालकीची करून घेतली, ती प्रत्येक मुंबईकराला परवडेल अशा दरात कामावर आणि घरी वेळेवर पोहोचता यावे म्हणून. तो हेतू आजही तितकाच रास्त आहे, आणि तो पुढच्या पिढीच्या हाती शाबूत सोपवणे ही आज सेवेत असलेल्या आणि बसमधून रोज प्रवास करणाऱ्या आपणा सर्वांची जबाबदारी आहे.